रिकामी खाट

मी तशी भित्री बाई नाही. मूल गावात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत वाढले. घरात कुणी भुताचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठवायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एकटीनं मेलेल्या माणसाचं अंग पुसून दिलं होतं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात रिकामा वॉर्ड पाहून मी जी घाबरले, ते आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

आमचं ग्रामीण रुग्णालय आलापल्लीच्या पुढे, जंगलाला चिकटून. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि माझं तोंड आधीच बदनाम आहे. भादवा म्हणजे आमच्याकडे हिवतापाचा हंगाम. दरवर्षी या दिवसांत एका पलंगावर दोघं, पलंगाखाली तिसरा, व्हरांड्यात चटयांवर उरलेले. सलाइनच्या बाटल्या टांगायला स्टँड पुरायचे नाहीत, खिडकीच्या गजांना बांधायचो. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसायची. आणि यंदा? पलंगावरच्या चादरींना सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

डॉक्टर सुरेंद्र मात्र खूश होते. अकोल्याकडचे तरुण डॉक्टर, उन्हाळ्यात बदलून आलेले. माणूस चांगला, मन लावून काम करणारा. त्यांनी आपल्या खोलीत पेशंटच्या भरतीचा तक्ता लावला होता. राज्यात सगळीकडे सरकारी दवाखान्यांतली भरती वाढत चालली होती, पलंग अपुरे पडत होते, आणि आमची तेवढी लाल रेघ आषाढापासून सरळ खाली उतरत होती. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांचं कौतुक झालं. "सिस्टर भाग्यश्री, फवारणीचा परिणाम बघा," ते म्हणाले. मी मान हलवली. पण मच्छर मला गेल्या वर्षी चावत होते तेवढेच यंदाही चावत होते. मग ताप गेला कुठे?

व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस तेवढा होता आणि तो पेशंट नव्हता. तो लहानू. नाल्यापलीकडे डोंगाटोला म्हणून मासेमारांची वस्ती आहे, तिथला. दिवसभर बसून जाळं विणायचा, बुधरी देईल ते खायचा. बुधरी म्हणजे आमची आया. लहानू बरा होऊन कधीचा सुटला होता, पण घरी जाऊ शकत नव्हता. कारण गावाच्या लेखी तो मेला होता.

त्याचं असं झालं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ताप डोक्यात चढून बेशुद्ध झालेल्या लहानूला खाटेवर घालून आणलं होतं. इथे सगळे तसेच येतात: दोरीची खाट, चार खांदे, वर पेशंट. पेशंट भरती झाला की खांदेकरी खाट घेऊन आवारातल्या आंब्याखाली बसतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि तो बरा होईपर्यंत हलत नाहीत. आवाराची पार धर्मशाळा होते. त्यातच नागपूरहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. डॉक्टरांनी खांदेकऱ्यांना अगदी प्रेमानं सांगितलं, "रोवणी सोडून इथे कशाला बसता? आता तुमचं इथे काही काम नाही. खाटा घेऊन घरी जा."

मी सलाइन लावता लावता खिडकीतून पाहत होते. एकेकानं डोक्याचा दुपट्टा सोडला, खाट उलटी करून उचलली आणि सगळे खाली मान घालून चालायला लागले. मला वाटलं, काय गुणाची माणसं आहेत, डॉक्टरांचा केवढा मान ठेवतात!

बुधरी तेव्हा स्वतःच्या रोवणीला रजेवर होती. ती आली आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या गावांत नियम आहे: पेशंटला घेऊन निघालेली खाट परत येते ती पेशंटला घेऊनच. रिकामी येते ती तो मेल्यावर. आणि दवाखान्यानंच खाट घरी न्यायला सांगितली, याचा दुसरा काय अर्थ होणार? प्रेताचं विचारायचं नसतं. ते दवाखाना चिरफाडीला ठेवून घेतो, असं सगळ्यांना ठाऊकच होतं. डोंगाटोल्यानं पळसाच्या काड्यांचा लहानू केला, तो जाळला आणि खाट मसणवट्यात उलटी टाकून दिली. त्याच्या बायकोनं, केसरबाईनं, बांगड्या फोडल्या.

इकडे लहानू शुद्धीवर आला, भात मागायला लागला, आणि सुट्टी मिळाल्यावर आपल्या पायांनी घरी गेला. पोचला तो स्वतःच्या तेरवीला. पंगत बसली होती. लोक पत्रावळी टाकून पळाले. लेकरं किंचाळली. त्यानं "केसर, मी हाओ" म्हटलं, तर केसरबाईनं आतून कडी घातली आणि दाराच्या फटीतून त्याच्या तोंडावर चुलीतली राख फेकली. ही हकिगत त्यानं सांगितली तेव्हा आम्ही आधी हसलो होतो. पोट धरून हसलो होतो. नंतर कळलं की त्या दिवशी अशा पाच-सहा गावांच्या खाटा गेल्या होत्या, आणि सगळीकडे एकच बोललं जात होतं: दवाखान्यात गेलेला माणूस मरतो, आणि परत येतं ते दुसरंच काहीतरी.

बुधरी हे सगळं ओरडून सांगायची. पण आम्ही ते लहानूपुरतं धरलं. लाल रेघेशी त्याचा संबंध जोडला नाही. तो एका बाजाराच्या दिवशी जोडला गेला.

बुधरी बाजारातून धावतच आली. तिला डोंगाटोल्याची एक कोळीण भेटली होती. लहानूची मुलगी रिना बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा सरत आला होता, आणि तिला ताप भरला होता. बरळत होती. केसरबाई तिला दवाखान्यात पाठवायला तयार नव्हती.

लहानूच्या हातून जाळं पडलं. "बाई," तो मला म्हणाला, "मी मेलो तं मेलो. माही पोरगी नको मरू दे."

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि खाटेचं सगळं सांगितलं. ते उठले, बसले, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहायला लागले. "म्हणजे ही रेघ..." एवढंच म्हणाले. ताप कमी झाला नव्हता. माणसं ताप घेऊन घरातच पडली होती. किती, कुठे, कोण जिवंत, काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर माझ्याबरोबर यायला निघाले, पण खाटा ज्यानं पाठवल्या तोच माणूस गावात गेला तर रिनाला जंगलात लपवतील, असं बुधरी म्हणाली. शेवटी मी औषधांची पिशवी उचलली आणि लहानूबरोबर निघाले.

जीपनं नाल्यापर्यंत सोडलं. पाणी दोन्ही थड्या भरून वाहत होतं. लहानूनं काठावरचा एक डोंगा, लाकूड कोरून केलेली होडी, सोडला आणि आम्ही पलीकडे गेलो. मला पोहता येत नाही. डोंगा हलला की मी काठ घट्ट धरायची, आणि लहानू म्हणायचा, "भिऊ नको बाई, मी हाओ ना." ज्याला सगळं गाव भितं, तो मला धीर देत होता.

पलीकडच्या थडीवरच मसणवटा. दुपारचं लख्ख ऊन होतं. लहानूची खाट चारही पाय वर करून पडली होती. आणि तिच्या बाजूला राखेचे ढीग होते. नवे. काहींवर अजून पावसाची सरही पडली नव्हती. त्यातले दोन ढीग अगदी छोटे होते. डॉक्टरांच्या तक्त्यातली खाली गेलेली रेघ इथे येऊन पोचली होती. लहानू त्या ढिगांकडे पाहत पुटपुटत होता. कोणाकोणाची नावं घेत असेल.

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं. "मी आधी बोलते." पांढऱ्या साडीत मी एकटी गावात शिरले.

मी पुढे जाईन तशी दारं लागत गेली. आदळली नाहीत, हळूच लागली. गल्लीत कोंबड्या तेवढ्या होत्या. केसरबाईचं घर लहानूनं सांगितलं होतं, दारात जाळी वाळत घातलेलं. रिना खाली जमिनीवर पडली होती. घरात खाट होती, पण भिंतीला लावलेली; आता आजारी माणसाला कुणी खाटेवर निजवतच नव्हतं. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डोळे अर्धे उघडे, दात आवळलेले. मी पोटावर हात ठेवला. बराच वेळ काही नाही. मग आतून एक बारीक धक्का आला.

मी क्विनाइनचं इंजेक्शन दिलं. केसरबाई भिंतीला टेकून बघत होती. मनगटांवर बांगड्या फुटल्याचे व्रण अजून होते. "मावशी, हिला आत्ताच्या आत्ता न्यावं लागते," मी म्हटलं. "सलाइन लागीन, रक्त तपासावं लागीन. इथी राह्यली तं दोघंई जातीन."

"नेऊन काय करान?" ती म्हणाली. "तुमी मानूस नेता आन भलतंच काई वापस पाठोता. मी एकडाव चुडा फोडला. आता पोरीले नाई देत."

"लहानूभाऊ जित्ते आहेत मावशी. माझ्यासंगंच आले."

ती अशी किंचाळली की मी मागे सरले. "नाव नको घेऊ! तिन्हीसांजेले तो दारात येऊन बसते म्हनून पोरीले ताप हाये!" तिच्या ओरडण्यानं बाहेर माणसं जमली. पुढे दादाजी, गावातले सगळ्यांत वडीलधारे, हातात काठी. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "बाई, तुमी जा. तुमचं मन चांगलं असन, पन तुमी जा." त्यांच्या मागचे तरुण मात्र शांत नव्हते. एकानं डोंग्याचं वल्हं आणलं होतं. आता हे मला नाल्यात बुडवतात, असं वाटलं. बाबा आठवले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून घासत घासत आवाज आला.

लहानू येत होता. खाट ओढत. मसणवट्यातली आपली खाट त्यानं सरळ केली होती आणि तिचे दोन पाय धरून तो ती भरदुपारी गावाच्या मधोमध ओढत आणत होता. माणसं भिंतींना चिकटली. कुणीतरी रामाचं नाव घ्यायला लागलं. तो कुणाकडे पाहत नव्हता. स्वतःच्या घरासमोर आला, खाट सरळ मांडली, वरची राख दुपट्ट्यानं झटकली आणि तिच्यावर उताणा निजला.

"घ्या," तो आभाळाकडे पाहून म्हणाला. "खाटेवर गेल्तो, खाटेवर आलो. आता तं घरात घ्या."

दादाजींनी काठीनं खाटेकडे दाखवलं. "खाटेवर आला," ते म्हणाले, "पन कोनाच्या खांद्यावर नाई आला. असं येनं काई खरं नाई."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. आत पोरगी जात होती आणि इथे यांचा हिशेब चालला होता! "तं द्या ना खांदा!" मी ओरडले. खाटेचा एक पाय धरून मी उचलायला गेले. खाट एका बाजूनं वर झाली, लहानू घसरायला लागला. कुणीही पुढे आलं नाही. मला ती पेलेना, आणि मी तो पाय सोडणार, इतक्यात केसरबाई उंबऱ्यावर आली.

तिनं आधी त्याचे पाय पाहिले. पावलं पुढेच होती. मग वाकून एका पावलाला बोट लावलं, चटका बसल्यासारखं मागे घेतलं, आणि पुन्हा सगळा तळवा हातात धरला. "गरम हाये," ती म्हणाली. "दादाजी, पाय गरम हाये त्याहीचा." आणि तिनं माझ्या शेजारी खाटेचा दुसरा पाय धरला. पायथ्याकडे आम्ही दोघी, उशाकडे नुसती हवा. मग दादाजींनी काठी भिंतीला टेकवली आणि ते उशाकडे आले. वल्हंवाला तरुण त्यांच्या शेजारी आला. लहानू खाटेवर, चौघांच्या खांद्यांवरून आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेला. तो पोरासारखा रडत होता.

त्याच खाटेवर रिनाला निजवलं. पण खाट उचलण्याआधी दादाजी माझ्याकडे वळले. "आमची पोरगी जाते," ते म्हणाले. "ते खाटेवर वापस येईलोक तुमी इथी राहान." ते धमकावत नव्हते. रीत सांगत होते. मला नाही म्हणायचं होतं. घरी जायचं होतं. तोंडातून "बरं" निघालं. चौघं खांदेकरी आणि मागून लहानू असे ते डोंग्यांकडे गेले. मी लहानूला ओरडून सांगितलं, "काही झालं तरी खाट आवाराबाहेर जाऊ देऊ नका. डॉक्टर म्हणाले तरी नाही!"

मग मी थांबले. गावात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. केसरबाई भात वाढायची, तलावातली मासळी वाढायची, आणि समोर बसून माझ्याकडे पाहत राहायची. ते पाहणं मला खात होतं. रिना मेली तर? सातव्या महिन्यातली बाई, डोक्यात चढलेला ताप. वाचते त्याहून जास्त वेळा मी उलटं पाहिलं होतं. खाट रिकामी आली तर हे लोक माझं काय करतील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

भीती घालवायला म्हणून मी पिशवी घेऊन घरोघर हिंडायला लागले. आधी कुणाच्याच घरी आजारी नव्हतं. मग एका घरातून कण्हणं ऐकू आलं, आणि केसरबाईनं स्वतः ते दार ढकललं. आत जमिनीवर तिघं पडली होती, एकाच गोधडीखाली कुडकुडत. पुढच्या घरात म्हातारा. त्याच्या पुढच्या घरात ओली बाळंतीण. आमच्या वॉर्डातली सगळी गैरहजर माणसं इथे होती. एका चटईवर दोघं, बाजूला तिसरा. तशीच, फक्त सलाइन नाही, डॉक्टर नाही, आणि दार लावून घेतलेलं. हे एक गाव. पाच-सहा गावांच्या खाटा गेल्या होत्या. माझ्या गोळ्या संपल्या आणि मी केसरबाईच्या ओसरीवर बसून मोठ्यानं रडले. तिनं पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला.

खाट आली ती पाचव्या दिवशी सकाळी. नाल्याकडून कुणीतरी हाक दिली आणि सगळं गाव बांधावर धावलं. मी मागेच थांबले. धानाच्या बांध्यांमधून चार माणसं येत होती, खांद्यावर खाट. पाय खाली होते, खाट सरळ होती. पण वर पांढरी चादर होती, डोक्यापासून पायांपर्यंत ओढलेली. अशी चादर आम्ही कुणावर ओढतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

केसरबाई पुढे गेली. खाट उतरली. चादर हलेना. तिनं टोक धरलं आणि तशीच उभी राहिली. ते उचलायचं बळ तिच्यात नव्हतं. मी कशी पोचले ते आठवत नाही; मीच चादर ओढली.

रिनानं उन्हानं डोळे मिटून घेतले. "मायव," ती म्हणाली, "किती ऊन हाये."

ऊन लागू नये म्हणून डॉक्टरांनी चादर घालून दिली होती. मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांच्या सात पिढ्यांना पुरतील. केसरबाईनं लेकीच्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि वाट पाहत बसली. मग तिनं मान वर केली, आणि तिचं तोंड पाहून बायकांना न सांगता कळलं, बाळ हललं.

मागून लहानू आला, हातात कागदाची पुडी. पुडीत हिरव्या बांगड्या होत्या. ती त्यानं केसरबाईपुढे धरली. "बुधरीनं घेऊन देल्या," एवढंच म्हणाला.

मी परत निघाले तेव्हा एकटी नव्हते. आधी म्हाताऱ्याची खाट बाहेर निघाली, मग त्या तिघांची, मग बाळंतिणीची. डोंगे कमी पडले, फेऱ्या कराव्या लागल्या. दवाखान्याच्या फाटकात डॉक्टर उभे होते. त्यांनी आंब्याखालची जागा झाडून घेतली होती आणि चुलीसाठी दगड स्वतः आणून ठेवले होते. एकामागून एक खाटा आवारात शिरताना पाहून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या बैठकीत लाल रेघ एकदम वर गेल्याबद्दल त्यांना खूप ऐकून घ्यावं लागलं. भरती एवढी कशी वाढली म्हणून वरून खुलासाही मागवला. त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. मला विचारायलाही सवड नव्हती. पलंगावर दोघं होते, खाली तिसरा.

त्यानंतर किती पावसाळे त्या दवाखान्यात काढले. नव्या पोरी वॉर्ड भरला की कुरकुर करतात. मी मात्र वॉर्ड रिकामा दिसला की घाबरते. आधी खिडकीशी जाते आणि आंब्याखाली खाटा आहेत ना, ते पाहून येते.